गरज, हौस आणि चार मीटरची रेघ

2012 साली मारुतीच्या स्विफ्ट डिझायरची डिकी कापली गेली. आधीची गाडी 4160 मिलिमीटर लांब होती, नवी 3995 भरली. डिकीतली जागा 440 लिटरवरून 316 वर आली. ही मागणी गिऱ्हाइकाची नव्हती. आपल्याकडे लोक सेडान घेतात ते बरंचसं डिकीसाठीच, म्हणजे गावाला जाताना, लग्नकार्याला, पोत्याभर तांदूळ आणताना. तरी ती कापली गेली, कारण 2006 च्या अर्थसंकल्पाने छोट्या गाडीची व्याख्या केली होती. लांबी चार मीटरच्या आत, इंजिन पेट्रोलचं 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेलचं 1500 पर्यंत. व्याख्येत बसणाऱ्या गाडीला अबकारी 24 ऐवजी 16 टक्के. टाटांची इंडिगो सीएस 2008 मध्येच त्या मापात बेतून आली होती. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण घरात शिकतो. इथे अंथरुणाची लांबीच कराने ठरवली.

गाडी किंवा संगणक घेताना घरात हमखास निघणारा प्रश्न, 'गरज आहे की हौस?', आपण आपल्या मनापुरता धरतो. माझ्या मते ही चूक आहे. गरज कुठे संपते आणि चैन कुठे सुरू होते ती रेघ आपल्या देशात बराच काळ घराबाहेर आखली गेली आहे.

स्वातंत्र्यानंतर मोटार ही चैनीची वस्तू मानली गेली. परकीय चलन तुटपुंजं होतं, त्यामुळे आधी ट्रक, बस आणि यंत्रं. कोणी किती मोटारी बनवायच्या हे परवान्यावर ठरे. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरची फियाट, पुढे तिचीच पद्मिनी झाली. उत्तरपाड्याची अँबेसेडर, मद्रासची स्टँडर्ड. निवड जवळजवळ एवढीच. स्कूटरचंही तसंच होतं. आकुर्डीच्या बजाज चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत. ज्याला आठ-दहा वर्षांनी एकच वस्तू मिळणार, तो आपल्याला नेमकं काय हवं याचा विचार करतच नाही. हाती येईल ते घेतो आणि जपतो. त्या पिढीची काटकसर स्वभावातली होती हे खरं, पण तिच्या समोर दुसरा पर्यायही नव्हता.

14 डिसेंबर 1983 ला पहिल्या मारुती 800 ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास, कंपनी सरकारचीच. ज्या सरकारने मोटारीला चैन म्हटलं होतं त्यानेच ती मध्यमवर्गाच्या दारात आणली. मे 1993 मध्ये मोटारींवरचा परवाना उठला, 1998 मध्ये सँट्रो आणि पुण्याची इंडिका आली, बँकेचे हप्ते सोपे झाले. एसी आणि पॉवर स्टिअरिंग पाहता पाहता हौसेच्या यादीतून गरजेच्या यादीत गेले.

निव्वळ गरजेवर बेतलेली गाडी बनवायचा सर्वात मनापासूनचा प्रयत्न म्हणजे नॅनो. पावसात एका स्कूटरवर आईवडील आणि मुलं चाललेली पाहून ही कल्पना सुचल्याचं रतन टाटा सांगत. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीत ती दाखवली गेली. दोन सिलिंडर, 624 सीसी, एकच वायपर, चाकाला तीन नट, साध्या मॉडेलला एसी नाही. चौघांना कोरडं आणि सुरक्षित पोचवायला जे लागतं तेवढंच. बंगालमधलं सिंगूर सोडून गुजरातेत साणंदला उभारलेल्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती. सर्वात चांगल्या वर्षी, 2011-12 मध्ये, खपल्या जेमतेम पाऊण लाख. 2018 मध्ये उत्पादन थांबल्यातच जमा झालं. 'सर्वात स्वस्त' ही ओळख चिकटली ती चूक झाली, असं टाटांनी पुढे स्वतः कबूल केलं. ज्या कुटुंबाने आयुष्यात पहिल्यांदा चारचाकी घ्यायची, त्याला ती आळीत उभी करताना मान वर हवी असते. ही मागणी मला चैन वाटत नाही.

संगणकाची वाट वेगळी. 1978 मध्ये आयबीएम ही अमेरिकी संगणक कंपनी देशाबाहेर गेली. ऐंशीच्या दशकात बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांना यंत्रापायी नोकऱ्या जातील ही धास्ती होती. 1984 च्या संगणक धोरणानंतर आयात सैल झाली आणि नव्वदीत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घरगुती गिऱ्हाइकांची गर्दी होऊ लागली. तिथला असेंबल्ड संगणक ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. कॅबिनेट, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क सुटे घ्यायचे. आज रॅम कमी, पुढच्या दिवाळीला वाढवू. मुलाला गेम खेळायचे नसतील तर ग्राफिक्स कार्ड नको. मोटारीच्या शोरूममध्ये असं कधी बोलता आलं नाही. तिथे 'टॉप मॉडेल'मध्ये सनरूफही घ्यावं लागतं, मग हवी असलेली सुरक्षा मिळते.

2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि पुढे राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना संगणकाचं प्रमाणपत्र आवश्यक ठरलं. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे 2005 पर्यंत संगणकावरचं आयात शुल्क शून्यावर आलं. 2020 मध्ये शाळा पडद्यावर गेली, तेव्हा ज्या घरात एकच फोन होता त्या घराला गरज म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला लागलं नाही.

गाडीवरची रेघ अजून तिथेच आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला 18 टक्के जीएसटी, मोठीला 40. संगणकावरची रेघ मात्र आता सरकार आखत नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट थांबवले आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, जी अनेक जुन्या यंत्रांत नाही. त्या यंत्रांवर सोसायटीचे हिशेब, शाळेचे निकाल, लग्नाची यादी आदल्या दिवशी होत होती तशीच दुसऱ्या दिवशीही झाली.