चित्रामागची चिठ्ठी फाडू नका

जुनं चित्र नव्या फ्रेमसाठी आलं की आम्ही ते आधी उलटं करून बघतो. मागच्या पुठ्ठ्यावर कधीकधी पिवळी पडलेली छापील चिठ्ठी असते. त्यावर बॉम्बे आर्ट सोसायटीचं नाव, एखादा क्रमांक, नशीब असेल तर चित्राचं नावही. ‘ते खरवडून साफ करा’ असं ग्राहक सांगतात. आम्ही करत नाही.

चित्रांची वार्षिक प्रदर्शनं भरवणारी मुंबईची ही संस्था १८८८ सालची; तिची चिठ्ठी म्हणजे चित्र त्या प्रदर्शनासाठी निवडलं गेल्याची खूण. सुरुवातीला तिथे युरोपियन मंडळींचा वरचष्मा; तरी १८९५ मध्ये कोल्हापूरच्या म. वि. धुरंधरांनी तिचं सुवर्णपदक पटकावलं. १९३७ मध्ये ते अमृता शेरगिल यांच्या ‘तीन मुली’ला मिळालं. सिनेमाची पोस्टरं रंगवणारे हुसेन १९४७ च्या वार्षिक प्रदर्शनातून लोकांपुढे आले. तिथे चित्र नुसतं लागलं तरी चित्रकाराला त्याचं अप्रूप असे. म्हणून पदक नसलं तरी आजोबांच्या चित्रामागचा तो क्रमांक मोलाचा.

दालनांची मात्र मुंबईत चणचण होती. रॅम्पार्ट रोवर सोसायटीची छोटीशी जागा होती. १९४९ मध्ये हुसेन, आरा वगैरे नव्या चित्रकारांच्या ‘प्रोग्रेसिव्ह’ गटाचं प्रदर्शन तिथेच भरलं. बाकी आसरा आमच्याच धंद्याने दिला, हे थोडं मिरवूनच सांगतो. केमोल्ड फ्रेम्सच्या केकू गांधींनी प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानाच्या शोकेसमध्ये आरा, हेब्बर, हुसेन यांची चित्रं मांडली.

१९५२ मध्ये काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ तिला देणगी दिली. सोसायटीचं कार्यालय पुढे तिथेच होतं, त्यामुळे दोन्ही एकच असा अनेकांचा समज. तसं नाही. जहांगीरचं दालन भाड्याने घेऊन चित्रकाराने स्वतः भरवलेलं प्रदर्शन वेगळं आणि सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनासाठी निवडलेलं चित्र वेगळं. चिठ्ठी नेमकी कोणाची, ते नीट वाचा. आता सोसायटीची स्वतःची इमारत बांद्रा रेक्लमेशनला आहे.

चित्र आणण्याआधी पुढचा-मागचा फोटो काढून ठेवा. चिठ्ठी सुटत असेल तर सेलोटेप लावू नका, त्याचा डाग कागदात उतरतो. आम्ही ती जुन्या पुठ्ठ्याच्या तुकड्यासकट कापून पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात घालतो आणि नव्या फ्रेमच्या मागे बसवतो. जलरंगाला आम्लमुक्त माउंटच (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घ्या. काच चित्राला टेकली की पावसाळ्यात बुरशी धरते; माउंटमुळे मध्ये फट राहते.