पळालेला बॉल पायथन गोव्यात फ्रिजमागं का सापडत नाही

मे महिन्यात फोंड्याला आमच्या बिल्डिंगमधल्या एका कॉलेजच्या मुलाचा साप टँकमधून पळाला. बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा बिनविषारी अजगर, साधारण मीटरभर लांब, घाबरला की अंगाचा गोळा करतो म्हणून नाव लाडू. टँकच्या सरकत्या काचेचं लॉक रात्री लावायचं राहिलं आणि सकाळी बघतात तर काच दोन बोटं सरकलेली, आत कोणी नाही. त्यानं नेटवर शोधलं तर सगळीकडे एकच सल्ला, साप थंड रक्ताचा असतो, ऊब शोधतो, तेव्हा फ्रिजच्या मागं बघा, वॉशिंग मशीनच्या मोटरजवळ बघा, इन्व्हर्टरखाली बघा. चार दिवसांत त्यांनी फ्रिज पाच वेळा ओढला. मला बोलावलं तेव्हा लादीवर फ्रिजच्या पायांचे चरे उठले होते आणि त्याची आई दमून खुर्चीत बसली होती.

हा सल्ला खोटा नाही, पण तो थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेला आहे, आणि आपल्याकडे जसाच्या तसा वापरला तर चार दिवस वाया जातात हे मी डोळ्यांनी बघितलं, म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी ऊबेचं गणित. सापाचं शरीर आतून उष्णता तयार करून तापमान टिकवत नाही, बाहेरून घेतं, हे शाळेत शिकलेलो असतो. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला, आणि दिवसा तो उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून असतो. पाळणारे लोक टँकच्या एका बाजूला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या बाजूला २५-२६ अंश ठेवतात, या दोन टोकांच्या मध्ये तो खूश. आता युरोपातलं हिवाळ्यातलं घर घ्या, खोलीत १९-२० अंश. तिथं साप पळाला की त्याला खरंच थंडी वाजते आणि घरात ऊब मिळते ती फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळ, म्हणून तो तिथं जातो. आणि गोव्यातलं मे महिन्यातलं घर? दिवसा ३३, रात्री फार तर २६-२७, दमट हवा. म्हणजे अख्खा फ्लॅट हाच त्याचा टँक झाला की! बेडरूम चालेल, हॉल चालेल, देवघर पण चालेल. उलट कॉम्प्रेसरच्या अगदी जवळ मे महिन्यात त्याला नको इतकं गरम होतं. जानेवारीत पहाटे पारा २० पर्यंत उतरतो तेव्हा फ्रिजमागं जरूर बघा, एरवी नाही.

मग ऊब नको असेल तर साप काय शोधतो? अंगाला लागणारी जागा. माझा सगळ्यात आवडता विषय हाच आहे, त्यामुळे इथं जरा रेंगाळतो.

याला थिग्मोटॅक्सिस म्हणतात, ग्रीकमध्ये थिग्मा म्हणजे स्पर्श. प्राणी मोकळ्या जागेपेक्षा अंगाला काहीतरी टेकलेलं असेल अशी जागा पसंत करतो. उंदीर खोलीच्या मधून न जाता भिंतीला घासत जातो, झुरळ पाठ आणि पोट दोन्हींना स्पर्श होईल अशा फटीत शिरतं, हे रोज बघतोच. सापात ही ओढ फार जोरदार, कारण पळायला पाय नाहीत, लढायला (बिनविषारी असेल तर) फारसं काही नाही, आणि घार, मुंगूस, भारद्वाज हे सगळे वरून नाहीतर बाजूनं येणार. म्हणून वरून झाकलेलं आणि दोन्ही बाजूंनी घट्ट असं भोक म्हणजे सुरक्षित. कातडीतल्या स्पर्श जाणवणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना सगळीकडून दाब लागला की साप शांत होतो, हालचाल थांबते, श्वास संथ होतो. मोठा रिकामा खोका आणि त्याच्या अंगापेक्षा जेमतेम मोठा खोका असे दोन शेजारी ठेवले तर बॉल पायथन छोट्यात जाऊन बसतो, पाळणाऱ्या कुणालाही विचारा.

तर साप शोधताना स्वतःला प्रश्न हा विचारायचा, की घरात कुठली जागा सगळ्या बाजूंनी घट्ट, काळोखी आणि न हलणारी आहे. सोफ्याच्या बुडाला जे काळं पातळ कापड स्टेपल केलेलं असतं त्याची कड एका कोपऱ्यात सुटलेली असते, तिथून आत. पुस्तकांच्या कपाटात पुस्तकं आणि मागची फळी यांच्यामध्ये राहिलेली चार बोटं जागा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढल्यावर मागं दिसते ती पोकळी. बॉक्सबेडच्या बिजागरीजवळ. गुंडाळून उभी ठेवलेली चटई. जुन्या घरात माळ्यावरची तांब्याची भांडी आणि भिंतीतली चिऱ्यांमधली फट. आणि हो, एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक, ते बाहेर उघडतं, ते आधी कापडाचा बोळा घालून बंद करा.

किती बारीक फटीत जाईल? इथं लोकांचा अंदाज सपशेल चुकतो. आपल्या बरगड्या पुढं छातीच्या हाडाला जोडलेल्या असतात म्हणून आपला पिंजरा पक्का, सापाला छातीचं हाडच नाही. मणके दोनशे ते चारशे, आपले तेहेतीस, आणि बरगड्यांची टोकं खाली मोकळी, त्यामुळे अंग चपटं करता येतं. चपटं न होणारा भाग एकच, कवटी. म्हणजे डोकं गेलं की बाकीचं जातं, नुकतंच खाल्लेलं किंवा पोटात अंडी असतील तर गोष्ट वेगळी. मीटरभराच्या बॉल पायथनसाठी मी अंगठ्याचा नियम वापरतो, जिथं माझा अंगठा आत जातो ती जागा तपासायची.

आणि अशा फटीत, जिथं नागमोडी वळायलाच जागा नाही, तिथं तो पुढं कसा सरकतो? नागमोडी चालीत साप बाजूच्या दगडाला, गवताच्या बुंध्याला अंगानं ढकलतो. पण अजगर, बोआ, घोणस असे जाड साप आणखी एक चाल चालतात, अगदी सरळ रेषेत, अंग न वळवता. पोटाखालचे रुंद खवले आणि बरगड्या यांना जोडणाऱ्या तिरक्या स्नायूंच्या दोन जोड्या असतात. एक स्नायू पोटाची कातडी उचलून बरगड्यांच्या पुढं ओढतो, खवले जमिनीला टेकतात आणि अडकतात, मग दुसरा स्नायू त्या अडकलेल्या कातडीच्या आधारानं सगळा सांगाडा पुढं खेचतो. म्हणजे कातडी पुढं, मग हाडं पुढं, पुन्हा कातडी, आणि ही लाट डोक्याकडून शेपटीकडं जात राहते म्हणून बाहेरून बघणाऱ्याला साप एकसारखा सरकतोय असं वाटतं. १९५० साली लिसमन या प्राणिशास्त्रज्ञानं ही कल्पना मांडली होती, पण स्नायूंमध्ये इलेक्ट्रोड घालून बोआवर ती तपासली ती २०१८ मध्ये, सिनसिनाटी विद्यापीठात न्यूमन आणि जेन यांनी, आणि त्यात खवल्यांच्या मधला इंटरस्क्युटॅलिस नावाचा तिसरा स्नायूही कातडी आखडायला काम करतो हे दिसलं. कॉस्टोक्युटेनिअस सुपीरिअर आणि इन्फीरिअर ही आधीच्या दोन स्नायूंची नावं. जमलं तर एकदा बॉल पायथनला हातावर घेऊन डोळे मिटून बघा, पोटाखालून एक हळू लाट जाताना मनगटाला कळते, मला तरी अजून दर वेळी अंगावर काटा येतो.

याचा शोधायला उपयोग असा. आपल्या घरातली चकचकीत लादी सापाला पकडच देत नाही. खवल्यांचं घर्षण पुढं सरकताना कमी आणि आडवं घसरताना जास्त असतं, त्या फरकावर साप चालतो, आणि २००९ मध्ये डेव्हिड हू हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की कापडासारख्या खरखरीत पृष्ठभागावर हा फरक असतो, गुळगुळीत फळीवर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून लादीच्या मधोमध साप जागच्या जागी वळवळत राहतो आणि ढकलायला काहीतरी हवं म्हणून भिंतीच्या कडेला येतो. मग ठसा उमटावा म्हणून पिठी टाकायची ती भिंतीलगत, खोलीच्या मधे नाही. आपल्याकडं तांदळाचं पीठ घरात असतंच, चाळणीनं वीतभर रुंद पातळ पट्टा प्रत्येक दाराच्या उंबऱ्याशी आणि भिंतीकडेनं पाडायचा, रात्री दिवे बंद. सकाळी सरळ रुंद पट्टा पुसलेला दिसला तर साप, मधे रेघ आणि दोन्हीकडं ठिपके असतील तर पाल किंवा उंदीर. पहाटे उठून बघा, कारण उजाडेपर्यंत मुंग्या येतात आणि ठसा मोडतात. दाराखाली टॉवेलची गुंडाळी घालून एकेक खोली वेगळी करा, आणि सुरुवात टँक आहे त्याच खोलीपासून, कारण बॉल पायथन आळशी प्राणी, बहुतेक वेळा तो लांब गेलेलाच नसतो. आणखी एक खूण, पांढरा खडूसारखा घट्ट गोळा, ती सापाची लघवी, युरिक आम्लाची. पालीच्या लेंडीलाही पांढरं टोक असतं पण ते साबुदाण्याएवढं, हा गोळा चांगला शेंगदाण्याएवढा.

घाई करू नका. सापाची चयापचयाची गती तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण दहावा भाग, आठवडेच्या आठवडे न खाता राहतो. पाणी मात्र लागतं, म्हणून न्हाणीघराच्या कोपऱ्यात उथळ भांड्यात पाणी ठेवा आणि मोरीच्या जाळ्या घट्ट आहेत ना बघा.

पाणी म्हटलं, दूध नाही. बिल्डिंगच्या ग्रुपवर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी सांगितलं होतं की वाटीत दूध ठेवा, वासानं येईल. साप दूध शोधत येत नाही, ते त्याचं अन्नच नाही, पचवायला लागणारी सोय त्याच्या पोटात नाही. नागपंचमीला जो साप दूध पिताना दिसतो त्याला आधी कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो, आणि मग ते दूध फुप्फुसात जाऊन किंवा पोट बिघडून तो मरतो. हे दरवर्षी लिहावं लागतं याचं मला खरंच वाईट वाटतं. दुसरा सल्ला होता फिनाइल आणि कार्बोलिक अॅसिड शिंपडायचा, म्हणजे साप बाहेर येईल. अहो, त्यानं कातडी भाजते, मरतो. उंदरांचे ग्लू पॅड घरात असतील तर ते मात्र लगेच उचला, साप चिकटला तर ओढू नका, खोबरेल तेल लावून हळूहळू सोडवा.

आणि एक गोष्ट अतिशय महत्त्वाची. गोव्यात बाल्कनीत किंवा पायरीवर तपकिरी, जाड, ठिपक्यांचा साप टॉर्चच्या उजेडात दिसला म्हणून तो आपलाच असं समजून हात घालू नका. तो घोणस असू शकतो. घोणसाच्या पाठीवर साखळीसारख्या गोल-लांबट डागांच्या तीन ओळी, खवले खरखरीत, डोकं त्रिकोणी, आणि कुकरच्या शिटीसारखा जोराचा फुत्कार. बॉल पायथनचे खवले गुळगुळीत चमकदार, डाग वेडेवाकडे मोठे, आणि तो फुत्कारण्यापेक्षा गोळा होऊन डोकं लपवतो. शंका आली की लांब राहा आणि वनखात्याला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही, अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन आणि सरळ सरकारी हॉस्पिटल. अजून एक, आपल्याकडचा कुठलाही देशी साप पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, भारतीय अजगर तर पहिल्या परिशिष्टात आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्या मुलानं केली होती, म्हणूनच मी मदतीला गेलो. घराबाहेर गेला अशी शंका असेल तर वनखात्याला कळवाच, आपली हवा त्याला मानवते आणि फ्लोरिडात सोडून दिलेल्या बर्मी अजगरांनी तिथल्या दलदलीतल्या सस्तन प्राण्यांचं काय केलं ते जगानं बघितलंय.

तर आम्ही फ्रिज परत जागेवर ढकलला. पिठी पाडली. पहिल्या रात्री काही नाही, दुसऱ्या पहाटे हॉलच्या भिंतीकडेनं तीन बोटं रुंद सरळ पट्टा पुसलेला, वळणाचं नावसुद्धा नाही, जी चाल एवढा वेळ सांगितली तीच. पट्टा दिवाणाखाली जाऊन संपला होता. दिवाणाखाली एक ट्रंक, चपला आणि आजोबांची पेटी, हार्मोनियम. ट्रंकेला कुलूप, चपलांत काही नाही. आजी आतून ओरडली, "आरे, कपाटा फाटल्यान पळय!" कपाटामागं पण बघून झालं.

मी पेटीच्या गवसणीवर तळहात ठेवला. जाड कापडाची, आतून अस्तर लावलेली गवसणी, दोरी सैल, कारण गुडघा दुखतो म्हणून आजोबा महिनाभर वाजवायला बसले नव्हते. एका बाजूला लाकूड, दुसऱ्या बाजूला ताणलेलं कापड, मधे दीड-दोन बोटं जागा, गच्च काळोख. भात्याच्या बाजूला कापडाखाली काहीतरी गार, घट्ट लागलं, आणि दोन सेकंदांनी ते अगदी हळू हललं, कातडी आधी, मग बाकीचं अंग.

दोरी सोडून कापड उलटं केलं तेव्हा लाडू भात्याच्या कडेला सपाट होऊन बसला होता, फीत ठेवावी तसा. आजोबांनी आधी साप बघितला, मग भाता, भात्याला काही झालं नाही म्हटल्यावर मुलाला म्हणाले, "घे बाबा सांभाळून, शेपूट अडकलंय सुराखाली." त्याला तोलून टँकमध्ये ठेवला, वजन पळण्याआधीपेक्षा फक्त बारा ग्रॅम कमी. पाणी ठेवलं, टँकवर कापड घातलं, चार दिवस हात लावायचा नाही असं ठरलं. पाचव्या रात्री त्यानं उंदीर घेतला.