कामाचा हेतू कुणाला दिसतो?

सोलापुरात ध्येयाने काम करण्याचा विषय निघाला की डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव येतेच. १९१० मध्ये येथे जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, तेथेच वारले. त्यांच्याविषयी नितांत आदर असूनही मला वाटते, की एवढे मोठे उदाहरण समोर असले की ध्येय ही असामान्यांचीच गोष्ट ठरून जाते. मानसशास्त्रातील संशोधनाने मात्र अगदी साध्या कामांतही त्याचा शोध घेतला आहे.

अमेरिकेतील एमी रेझनेस्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या अभ्यासात एकाच रुग्णालयातील सफाई कामगार होते. काहीजण नेमून दिलेले तेवढेच करत. काहीजण मात्र रुग्णांची, नातेवाइकांची विचारपूस करत आणि रुग्ण बरा होण्यात आपलाही वाटा आहे, असे मानत.

हा वाटा दिसतो कसा, याचे उत्तर अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधील प्रयोगात सापडते. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या एका गटाची, त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी काही मिनिटे भेट घडवण्यात आली. महिन्याभराने पाहिले, तेव्हा त्या गटाचा फोनवरील वेळ आणि जमलेली रक्कम, दोन्ही दुपटीहून अधिक झाली होती. ज्यांनी विद्यार्थ्याचे केवळ पत्र वाचले, त्यांच्या कामात असा फरक पडला नाही. सोलापुरी चादर देशभर जाते. पण ती पांघरणारा माणूस यंत्रमागावरच्या कामगाराला कधी भेटत नाही.

बिडी वळणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तंबाखूची धूळ स्वतःच्या छातीत जाते आणि तयार माल ओढणाऱ्याचेही नुकसानच करतो. अशा कामात मूल्य शोधायचे तरी कुठे? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मेक्सिकोतील एका कारखान्यातील स्त्रियांच्या अभ्यासात असे आढळले, की काम स्वतः कंटाळवाणे असले तरी कुटुंबासाठी राबण्याची भावना तीव्र असेल तर कामातील जोम टिकून राहतो. मुलीला शिकवायचे म्हणून सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईला हे कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही या निष्कर्षाचा गैरवापर होऊ शकतो, आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते. बंडरसन आणि थॉम्पसन यांनी २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयातील कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा आपले काम हेच जीवितकार्य मानणारे लोक कमी वेतन आणि अधिक गैरसोय सोसायला तयार असल्याचे दिसले. बिडीची मजुरी दर हजार बिड्यांमागे ठरते. तो दर वाढला नाही तरी मुलांसाठी राबणारी बाई काम सोडणार नाही, हे दर ठरवणाऱ्यालाही कळत असते.