‘यूज्ड टू’ म्हणजे सवय नव्हे

‘आय यूज्ड टू वर्क ऑन टॅली.’ मुलाखतीच्या सरावात एका मुलीने हे वाक्य अगदी ठासून म्हटलं. मी विचारलं, ‘मग आता कशावर करतेस?’ ती गांगरली. ‘आतापण टॅलीवरच करते ना मॅडम, रोज!’ तिला म्हणायचं होतं ‘मी टॅलीवर काम करते’, आणि तोंडून गेलं ‘पूर्वी करायचे, आता नाही’. असली वाक्यं मी वर्षानुवर्षं ऐकतेय आणि दर वेळी जीव तुटतो. काम उत्तम येत असतं, पण वाक्यच त्यावर पाणी फिरवतं.

‘यूज’ म्हणजे वापरणे, हे सगळ्यांना येतं. ते सोडून देऊ. घोळ होतो तो ‘आय यूज्ड टू गो’ आणि ‘आय अ‍ॅम यूज्ड टू गोइंग’ या दोघांचा. पहिल्याचं मराठी ‘मी जायचे’, दुसऱ्याचं ‘मला जायची सवय आहे’. शिकवणारे बहुतेक जण ‘टू’नंतर ‘गो’ की ‘गोइंग’ यातच अख्खा तास घालवतात. ते मला दुय्यम वाटतं. दुसऱ्या रचनेत ‘टू’पुढे नाम येतं, जसं ‘आय अ‍ॅम यूज्ड टू द नॉइज’. क्रियापद आणायचं तर त्याला ‘इंग’ लावून नामासारखं करायचं, संपलं. काळ कोणता ते ‘अ‍ॅम’, ‘वॉज’ सांगतात, आणि ‘अ‍ॅम’च्या जागी ‘गेट’ आलं की अर्थ ‘अंगवळणी पडणं’.

खरी मेख आहे पहिल्या रचनेत. तिथे ‘सवय’ हा अर्थ डोक्यातून काढूनच टाका. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल उभा आहे. त्याच्याकडे बोट दाखवून ‘धिस यूज्ड टू बी अ मिल’ म्हणता येतं. जागेला कसली आलीय सवय? पूर्वी होतं, आता तसं राहिलं नाही, एवढंच ते वाक्य सांगतं. म्हणून मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आजी-आजोबांनी तिथल्या डॉक्टरला ‘आय यूज्ड टू टेक बीपी टॅब्लेट्स’ सांगितलं, तर गोळ्या बंद केल्यात असाच त्याचा समज होणार.

ही चूक आपल्याकडून का होते, त्याचं मूळ मला मराठीतच दिसतं. शाळेतला रीतिकाळ आठवा: ‘मी फिरायला जात असते’, ‘जात असे’, ‘जात जाईन’. नेहमीच्या गोष्टीसाठी आपल्याकडे तिन्ही काळांत वेगळं रूप आहे. इंग्रजीत आजच्या रोजच्या गोष्टीला साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘आय गो फॉर अ वॉक एव्हरी डे.’ आपल्या कानाला ते अपुरं लागतं. ‘जात असते’मधलं ‘असते’ कुठे गेलं, असं वाटतं आणि ती जागा भरायला आपण ‘यूज्ड टू’ आणून बसवतो. बसवू नका. ‘एव्हरी डे’ किंवा ‘यूज्वली’ म्हटलं की रोजचेपणा पुरता येतो.

गंमत म्हणजे इंग्रजीत एके काळी वर्तमानकाळातही हे चालत असे. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये, ११९व्या स्तोत्रात, ‘अ‍ॅज दाऊ यूजेस्ट टू डू’ असं आहे. म्हणजे ‘तू करत असतोस तसं’. पण ते रूप केव्हाच मागे पडलं. आज उरलंय ते फक्त भूतकाळातलं.

बाकीचं किरकोळ. वरच्या दोन्ही रचनांचा उच्चार ‘यूस्टु’ असा एका दमात होतो. ‘द नाइफ इज यूझ्ड टू कट ब्रेड’ यात मात्र ‘झ’ स्पष्ट ऐकू येतो, कारण तिथे सुरी खरोखरच ‘वापरली’ जाते. उच्चारात ‘डी’ ऐकू येत नाही म्हणून लिहिताना तो खाणं मला अजिबात खपत नाही. तो फक्त ‘डिड यू यूज टू’ आणि ‘डिडन्ट यूज टू’मध्ये जातो, भूतकाळ ‘डिड’ने आधीच उचललेला असतो म्हणून. ‘डिडन्ट’वालं जड वाटत असेल तर ‘आय नेव्हर यूज्ड टू’ म्हणा. मी स्वतः तेच म्हणते.