बायबलमधील पवित्र दिवस आणि ख्रिस्ती धर्म

बायबलमधील पवित्र दिवस : जुन्या करारात, मुख्यतः लेवीय या ग्रंथाच्या 23 व्या अध्यायात, इस्राएल लोकांना नेमून दिलेले विश्रामदिन आणि वार्षिक सण. दर आठवड्याचा शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रामदिन, वसंतातील वल्हांडण व बेखमीर भाकरीचा सण, त्यापुढे पन्नासाव्या दिवशी येणारा सप्ताहांचा सण, तसेच शरद ऋतूतील कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण यांचा त्यांत समावेश होतो. यहुदी समाज हे दिवस आजही पाळतो. ख्रिस्ती धर्माचा उगम याच पंचांगात झाला. मात्र बहुसंख्य ख्रिस्ती पंथ हे दिवस मूळ तिथींना व मूळ विधींसह पाळत नाहीत. ख्रिस्ताच्या येण्याने ते रद्द झाले, असे सर्रास सांगितले जाते, पण हे उत्तर अपुरे आहे. काही सणांची तिथी बदलली, काहींचा अर्थ उपासनेत मुरला, काही जवळजवळ विसरले गेले. या तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या, तरच आजच्या ख्रिस्ती माणसाशी या दिवसांचे नाते काय ते कळते.

येशू व त्याचे शिष्य यहुदी होते आणि सणांसाठी यरुशलेमला जात असत. पहिल्या पिढीनेही हे पंचांग टाकून दिले नव्हते. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात प्रेषित पौलाच्या समुद्रप्रवासाची हकिगत सांगताना ‘उपवासाचा दिवस’ होऊन गेल्यामुळे पुढचा प्रवास धोक्याचा झाला होता, असा उल्लेख येतो. हा उपवास म्हणजे शरद ऋतूतील प्रायश्चित्ताचा दिवस. ऋतूची खूण म्हणून लेखक त्याचा सहज उल्लेख करतो आणि वाचकांना तो ठाऊक असेल असे गृहीत धरतो. पौलाची पत्रे मात्र दोन्ही बाजूंनी वाचली गेली आहेत. दिवस, महिने व ऋतू पाळण्याबद्दल तो गलतीकरांना फटकारतो; रोमकरांना मात्र सांगतो, की एक जण एखादा दिवस विशेष मानतो, दुसरा सर्व दिवस सारखे मानतो आणि प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात सण, अमावास्या व शब्बाथ यांना येणाऱ्या गोष्टींची छाया म्हटले आहे. छाया म्हणजे निरुपयोगी वस्तू, असा अर्थ पुढे रूढ झाला. परंतु ज्या देहाची ती छाया आहे त्याची आकृती तिच्यातूनच दिसते, हा अर्थ त्या वाक्याला अधिक जवळचा वाटतो.

या सर्वांत वल्हांडणाचे स्थान मध्यवर्ती आहे. मराठी बायबलमधील हा शब्दच अर्थ सांगून जातो : कोकऱ्याच्या रक्ताची खूण असलेली घरे ओलांडून मृत्यू पुढे गेला, ही मिसर (इजिप्त) देशातील रात्रीची आठवण त्यात आहे. मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत येशूचे अखेरचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन ठरते, तर योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा मृत्यू वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी, म्हणजे कोकरे कापली जाण्याच्या वेळी होतो. पौलाने ख्रिस्तालाच वल्हांडणाचे कोकरू म्हटले आणि जुने खमीर काढून टाकण्याच्या घरगुती रीतीला नैतिक अर्थ दिला. यातूनच ख्रिस्ती लोकांनी हा सण, म्हणजे आजचा ईस्टर, कधी पाळावा याबद्दल दुसऱ्या शतकात मोठा वाद उभा राहिला. आशिया मायनरमधील मंडळ्या यहुदी पंचांगातील निसान महिन्याच्या 14 तारखेलाच, वार कोणताही असो, हा सण पाळत; रोमची मंडळी रविवारी पाळत असे. सुमारे 155 साली स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प रोमला जाऊन तेथील बिशप अनिसेतस याला भेटला. दोघांचे एकमत झाले नाही, तरीही ते सलोख्याने वेगळे झाले. पुढच्या पिढीत हा समंजसपणा टिकला नाही. 325 च्या नायसिया येथील बिशपांच्या परिषदेने सर्वांनी एकाच दिवशी आणि यहुदी गणनेवर अवलंबून न राहता हा सण पाळावा, असे ठरवले. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार ही पुढे स्थिरावलेली रीत. त्यामुळे पाश्चात्त्य पंचांगात ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांदरम्यान कधीही येतो. वल्हांडणापासून दूर जाण्यासाठी केलेली ही गणनाही चंद्राला धरूनच चालते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

खमिराचा प्रश्न आजही वेदीवर दिसतो. रोमन कॅथलिक चर्च मिस्सामध्ये (प्रभुभोजनाच्या उपासनेत) बेखमीर भाकर वापरते, पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च खमीर घातलेली. 1054 मध्ये या दोन चर्चमध्ये झालेल्या फुटीच्या काळात हा मोठा वादाचा विषय होता. भारतात याचे सर्वांत जिवंत रूप केरळच्या सिरियन ख्रिस्ती घरांत आढळते. पवित्र आठवड्यातील गुरुवारी रात्री तेथे तांदूळ व उडदाच्या पिठाचा, न आंबवलेला पेसहा अप्पम वाफवतात आणि नारळाचे दूध व गूळ यांचे ‘पेसहा पाल’ करतात. आदल्या रविवारी चर्चमधून आणलेल्या झावळीचा छोटा क्रूस अप्पमवर ठेवलेला असतो. प्रार्थनेनंतर घरातील कर्ता पुरुष तो कापतो आणि वयाच्या क्रमाने प्रत्येकाच्या हाती तुकडा देतो. त्या वर्षी ज्या घरात मृत्यू झाला असेल तेथे अप्पम करत नाहीत. शेजारी किंवा नातेवाईक आणून देतात. ‘पेसहा’ हे नावच ‘पेसाह’ या हिब्रू शब्दाशी नाते सांगते.

सप्ताहांच्या सणाचे स्थलांतर तुलनेने सोपे झाले. पन्नासावा दिवस हा हिशेब तसाच राहिला. गव्हाच्या नव्या पिकाच्या दोन भाकरी अर्पण करण्याच्या या दिवशी शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला, असे प्रेषितांची कृत्ये सांगते, आणि पेंटेकॉस्ट (ग्रीक भाषेत ‘पन्नासावा’) हा चर्चचा जन्मदिन मानला जाऊ लागला. शब्बाथाचे तसे झाले नाही. पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवारी एकत्र जमण्याची रीत फार जुनी आहे. पण रविवारच्या सक्तीच्या सुटीचा कायदा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 मध्ये केला. चौथ्या शतकातील लाओदिकेया परिषदेने तर शनिवारी विश्रांती घेण्यास ख्रिस्ती लोकांना मनाई केली. याचा अर्थ ते ती घेत होते. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चने सम्राट झरा याकोबच्या कारकिर्दीत, 1450 मध्ये, शनिवार व रविवार दोन्ही पाळण्यास मान्यता दिली. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ 1863 मध्ये संघटित झाला व तो शनिवारच पाळतो. पुण्यात औंध येथील स्पायसर ही शिक्षणसंस्था याच पंथाची आहे.

शरद ऋतूतील सणांना ख्रिस्ती वर्षात स्वतंत्र जागा मिळाली नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात महायाजकाचा वर्षातून एकदा मंदिरातील परमपवित्र स्थानी होणारा प्रवेश ख्रिस्ताच्या एकाच अर्पणात पूर्ण झालेला दाखवला आहे. त्यामुळे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा आशय शुभ शुक्रवारात (गुड फ्रायडे) सामावला. मांडवांच्या सणाच्या अखेरच्या दिवशी येशूने तान्हेल्यांना आपल्याकडे बोलावले, या प्रसंगामागे मंदिरात पाणी ओतण्याचा विधी आहे. सण ठाऊक नसलेल्या वाचकाला हे वाक्य अधांतरी वाटते. सामान्य ख्रिस्ती लोकांना या सणांची ओढ होती, याचा पुरावा विरोधकांकडूनच मिळतो : 386–387 मध्ये अंत्युखियात धर्मगुरू जॉन क्रिसोस्तमने सणांसाठी यहुद्यांच्या सभास्थानात जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांविरुद्ध जहाल प्रवचने दिली. त्या प्रवचनांतील यहुदीद्वेषाची किंमत नंतरच्या शतकांत यहुद्यांनी मोजली.

विसाव्या शतकात हे दिवस पुन्हा चर्चेत आले. अमेरिकेत हर्बर्ट आर्मस्ट्राँगच्या पंथाने लेवीय ग्रंथातील सण सक्तीचे मानले. 1986 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर नेतृत्वाने ती सक्ती सोडली, तेव्हा पंथ फुटला. 1980 पासून यरुशलेममध्ये दरवर्षी अनेक देशांतील इव्हँजेलिकल (बायबलच्या अधिकारावर भर देणारे प्रोटेस्टंट) ख्रिस्ती मांडवांच्या सणासाठी जमतात. सर्व राष्ट्रे हा सण पाळतील, या जखऱ्याच्या भविष्यवाणीचा ते आधार घेतात. अनेक चर्चमध्ये वल्हांडणाचे ‘सेदेर’ भोजनही होऊ लागले आहे. त्याच्या आजच्या रचनेला 70 साली मंदिर पाडले गेल्यानंतर आकार आला, त्यामुळे येशूने हेच भोजन केले असे म्हणता येत नाही. शिवाय, जिवंत समाजाचा सण त्याच्याकडून उचलून त्याला आपला अर्थ चिकटवणे अनेक यहुद्यांना खुपते, आणि हा आक्षेप रास्त आहे. 1965 च्या व्हॅटिकन घोषणापत्रानंतर कॅथलिक चर्चनेही यहुद्यांचा करार मोडीत निघाला नसल्याची शिकवण दिली. यहुदी घरी पाहुणे म्हणून सेदेरला बसणे हा अधिक प्रामाणिक मार्ग आहे.

महाराष्ट्रात हे दिवस ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या कितीतरी आधीपासून पाळले जात. कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजाचे लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. प्रायश्चित्ताच्या दिवसाला त्यांच्यात ‘दारफळणीचा सण’ हे मराठी नाव होते. ख्रिस्ती बाजूला, गोव्यात ईस्टरला ‘पास्कांचें फेस्त’ म्हणतात, म्हणजे वल्हांडणाचेच नाव लॅटिन व पोर्तुगीजमार्गे कोकणीत आले. गोव्यातील ‘कणसांचें फेस्त’ आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन या कॅथलिक समाजाचा ‘आगेरा’ हे मुळात इथल्या भातशेतीचे सण. तरी नव्या भाताची पहिली कणसे आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेली जातात तेव्हा लेवीय ग्रंथातील पहिल्या पिकाची पेंढी अर्पण करण्याच्या विधीची आठवण होते.