कोकण किनाऱ्यावरील पक्षी : ओळख व वर्तन

डहाणूपासून रेडीपर्यंतचा सुमारे ७२० किमी. लांबीचा किनारा, त्याला छेदून आत शिरणाऱ्या खाड्या, खाडीकाठची कांदळवने व खाजणे (भरतीचे पाणी शिरणाऱ्या खाऱ्या जमिनी), माड-पोफळींच्या वाड्या, भाताचे मळे, जांभ्याचे सडे (उघडी कातळपठारे) आणि मागे सह्याद्रीचा पायथा. एवढ्या अरुंद पट्टीत नेहमी दिसणारे रानपक्षी कसे ओळखावेत आणि त्यांच्या वागण्याचा अर्थ कसा लावावा, हा या नोंदीचा विषय आहे. सकाळी पुळणीवर समुद्रपक्षी पाहून दुपारपर्यंत जंगलातला पक्षी पाहता यावा, अशी ही जागा आहे.

नवखा निरीक्षक आधी रंग पाहतो, आणि किनाऱ्यावर रंगच सर्वांत जास्त फसवतो. पाण्यावरची तिरीप, ओली पिसे, विणीच्या आणि एरवीच्या पिसाऱ्यातला फरक, नर, मादी व पिल्लांची वेगवेगळी रूपे यांमुळे एकच पक्षी तीन-चार पक्ष्यांसारखा भासतो. पक्षी कुठे उभा आहे, पाण्यापासून किती दूर आहे, भरती चालू आहे की ओहोटी आणि तो नेमके काय करतो आहे, हे आधी पाहिले तर निम्मी ओळख तिथेच पटते. रंग त्यानंतर पडताळ्यासाठी.

ओहोटीचे पक्षी

खाडीतल्या पक्ष्यांचे घड्याळ भरती-ओहोटीवर चालते. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात : चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब पक्षी पाहणाऱ्याने पाठच करावा. पाणी उतरून चिखल उघडा पडला की पक्षी दूरवर पांगून खात असतात आणि ठिपक्यांएवढे दिसतात. पाणी चढू लागले की तेच थवे काठाकडे ढकलले जातात आणि भरती पुरी झाली की कोरड्या वाळूवर किंवा कातळावर वाऱ्याकडे तोंड करून विसावतात. जवळून पाहायचे तर चढत्या पाण्याची वेळ उत्तम. मात्र विसावलेला थवा उठवू नये. पुढच्या ओहोटीपर्यंत त्यांना खायला मिळणार नसते आणि प्रत्येक उड्डाणात साठवलेली ताकद खर्च होते.

चिखलावरच्या लहान, मातकट पक्ष्यांना पाहून अनेकांचा धीर सुटतो. त्यांच्या खाण्याच्या रीतीवरून दोन मोठे गट चटकन वेगळे होतात. चिखल्या डोळ्यांनी शिकार करतो. त्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो चार पावले धावतो, थबकतो, पाहतो, टिपतो आणि पुन्हा धावतो. तुतवार चोचीने चाचपतो. त्याच्या लांब चोचीच्या टोकाला स्पर्शाची जाण असते, म्हणून तो मान खाली घालून चिखलात चोच खुपसत सलग चालत राहतो. धावणे-थांबणे की सलग चाचपणे, एवढे लांबूनही कळते. यांतला सामान्य तुतवार तर सर्वांत सोपा : शेपटीकडचा भाग सतत वरखाली हलवत काठावरच्या दगडांवर तो एकटाच फिरतो आणि उडताना पंख ताठ धरून पाण्यालगत जातो. हे बहुतेक हिवाळी पाहुणे आहेत. काही जण ऑगस्टमध्येच येऊन पोहोचतात आणि बरेचसे एप्रिलपर्यंत परततात.

बगळ्यांची गल्लत नेहमीची. काळी चोच, काळे पाय आणि पिवळी बोटे असलेला तो लहान बगळा. उथळ पाण्यात एक पाय थरथरवून तो गाळातले मासे, कोळंबी उठवतो. गाय बगळ्याची चोच पिवळी, मान आखूड, आणि त्याला पाण्यापेक्षा गुरांची सोबत प्रिय. चिखलणीच्या वेळी बैलांमागे, आता पॉवर टिलरमागे चालणारे पांढरे थवे बहुधा याचेच. विणीच्या काळात त्याच्या डोक्या-मानेवर नारिंगी छटा चढते. खडकाळ किनाऱ्यावर लाटांच्या तोंडाशी पाटीसारख्या करड्या रंगाचा बगळा दिसला तर तो समुद्री बगळा. तो पांढऱ्या रूपातही आढळतो, आणि तेव्हा लहान बगळ्यापासून वेगळा करताना जाणकारही वेळ घेतात. ढोकरी मात्र या सर्वांहून निराळी : खाजणाच्या बांधावर मातीच्या रंगात निश्चल उभी, आणि उडाली की अचानक पांढरे पंख उघडणारी.

पाणकावळा पोहून बाहेर आला की खांबावर पंख पसरून बसतो. त्याची पिसे पाणी शोषतात. त्यामुळे बुडी मारणे सोपे जाते, पण नंतर वाळवावी लागतात. कांदळवनात खंड्याची जातही जागेवरून ओळखता येते : तिवराच्या फांदीवर बसणारा काळ्या टोपीचा, जांभळट निळ्या पाठीचा खंड्या; हवेत एका जागी पंख फडफडवत थांबून सूर मारणारा काळा-पांढरा कवड्या; आणि पाण्यापासून दूर, विजेच्या तारेवर बसून टोळ व सरडेही खाणारा पांढऱ्या छातीचा खंड्या.

बंदरावरचे आणि आकाशातले

हर्णैसारख्या बंदरात मासळीच्या लिलावाच्या वेळी हिवाळ्यात शेकडो कुरव (गल) घोंघावतात. त्यांतल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचे डोके हिवाळ्यात पांढरेच असते. कानाजवळ फक्त काळसर डाग उरतो. पंखांच्या काळ्या टोकांवरचे पांढरे ठिपके आणि फिकट डोळा ही त्याची खात्रीची खूण. मार्च-एप्रिलमध्ये, लडाख-तिबेटच्या तळ्यांकडे निघण्याआधी, डोके तपकिरी होते. सुरय (टर्न) कुरवांपेक्षा सडपातळ, शेपूट दुभंगलेली. चोच खाली रोखून उडता उडता ते पाण्यात सूर मारतात, तर कुरव बहुधा पृष्ठभागावरचेच उचलतात.

काळी घार आणि ब्राह्मणी घार प्रौढपणी सहज वेगळ्या कळतात, पण ब्राह्मणी घारीची पिल्ले तपकिरी असतात आणि घोटाळा होतो. तेव्हा शेपूट पाहावी : काळ्या घारीची खाचदार, ब्राह्मणी घारीची गोलसर. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, म्हणजे कोकणातला काकण, या दोघींहून खूप मोठा. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचलून तो तरंगतो. शेपूट पाचरीसारखी आखूड, खालून पांढऱ्या अंगाला काळ्या उड्डाणपिसांची किनार. मासे आणि समुद्रसाप हे त्याचे अन्न. किनाऱ्यालगतच्या उंच, जुन्या झाडावर काटक्यांचे प्रचंड घरटे बांधून जोडी वर्षानुवर्षे तेच डागडुजी करून वापरते. असे एक झाड तोडले गेले तर जोडीचे अनेक वर्षांचे घर जाते. त्या तोडीचा हिशेब केवळ लाकडात करता येत नाही.

वाडीतले आवाज

माडांच्या आणि आंब्यांच्या दाटीत पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. ‘टुक् टुक्’ असा एकसुरी ठोका देणारा तांबट, ‘कुटुर्र कुटुर्र’ करणारा कुटुरगा, पहाटे शेंड्यावर बसून गाणारा दयाळ आणि झुडपातून घुमणारा भारद्वाज हे चार आवाज शिकले की वाडी ओळखीची होते. भारद्वाज कोकिळेच्या कुळातला असूनही स्वतःचे घरटे बांधतो व पिल्ले वाढवतो. कोकीळ मात्र अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. ‘कुहू’ करणारा काळा, लाल डोळ्यांचा नर असतो. ठिपकेदार मादी फक्त ‘किक् किक्’ करते. उन्हाळ्यात कावळे एखाद्या काळ्या पक्ष्यामागे चवताळून लागलेले दिसले तर पुढचा बहुधा कोकीळ असतो. पावशा आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकतो. पेरणीच्या तोंडावर त्याची ‘पेरते व्हा’ ही हाक चढत चढत जाते.

धोक्याचे आवाज वेगळे शिकावेत. बुलबुल, सातभाई, सुभग, शिंजीर एकाच फांदीभोवती कलकलाट करत असतील तर तिथे साप, मांजर किंवा दिवसा दडलेले घुबड असते. अनेक लहान पक्षी मिळून शत्रूला असे उघडे पाडतात. कोतवाल एकटाही घारीला हुसकावतो. त्यामुळे होला, हळद्या असे पक्षी त्याच्या शेजारी घरटे करताना आढळतात.

पावसातली वीण

पावसाळ्यात कोकणचे पक्षी पाहायला फारसे कोणी जात नाही, आणि वर्तनाच्या दृष्टीने तोच सर्वांत भरलेला काळ आहे. अलिबागजवळच्या किहीम येथे १९३० च्या पावसाळ्यात सालिम अली यांनी सुगरणींच्या वसाहतीचा अभ्यास केला. घरटे मादी विणते असा समज होता. प्रत्यक्षात नर विणतो. घरटे अर्धे, शिरस्त्राणासारखे झाले की माद्या वसाहतीत येतात, घरट्यांना लटकून, आत शिरून ती तपासतात. पसंत पडलेल्या घरट्याची मादी मालकीण होते. नर बोगदा पुरा करतो, ती अंडी घालून उबवू लागते, आणि नर शेजारी दुसरे घरटे सुरू करून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. नापसंत घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. माड, ताड, शिंदीवरची अशी घरटी म्हणजे नराचे अपुरे काम नव्हे, तो मादीने दिलेला नकार आहे. किहीमच्या या निरीक्षणांना भारतातील पक्षिवर्तनाच्या अभ्यासात मोठे स्थान आहे, आणि त्यांसाठी रोज तेच झाड पाहण्याची चिकाटी लागली होती.

पहिल्या सरींबरोबर नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते. ओढ्याच्या मातीच्या कडांत तिबोटी खंड्या बीळ कोरतो. चिमणीएवढा हा पक्षी स्थलांतर रात्री करतो, आणि म्हणूनच जूनच्या सुमारास घरांच्या भिंतींवर, काचांवर आपटून पडलेला सापडतो. खोक्यात, अंधारात, शांत ठेवला तर बहुधा सावरतो. पाणी पाजण्याचा आग्रह करू नये. कर्नाळा पक्षी अभयारण्य (स्थापना १९६८) हे त्याच्या निरीक्षणाचे परिचित ठिकाण.

ककणेराची (धनेश पक्ष्याची) वीण मात्र पावसाआधीच सुरू होते. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरून विष्ठेने व चिखलाने तोंड लिंपून घेते, फक्त एक फट उरते. आत तिची उड्डाणपिसे गळतात, आणि नर वड, उंबर अशी फळे त्या फटीतून भरवत राहतो. या काळात नर मेला तर अख्खे कुटुंब संकटात येते. देवराया आणि गावठाणातले जुने वृक्ष यासाठीच मोलाचे आहेत. तरुण झाडाला अशी ढोली नसते.

निरीक्षणाची रीत

दुर्बीण ८ × ४२ ची पुरते. खाडीसाठी दुर्बिणीपेक्षा सूर्य पाठीशी ठेवणे महत्त्वाचे. वहीत नावाऐवजी आधी जागा, तिथी, पाण्याची स्थिती आणि कृती लिहावी. नाव नंतरही शोधता येते, कृती पुन्हा दिसेलच असे नाही. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाईलवर त्याच्या आवाजाचे रेकॉर्डिंग वाजवणे वर्ज्य मानावे. विणीतला नर ते दुसऱ्या नराचे आव्हान समजतो आणि घरटे सोडून भांडायला येतो. वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातील खडकांवर गुहेत वीण करणाऱ्या पाकोळ्यांची लाळेची घरटी चोरून विकली जात असत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानपक्ष्यांची अंडी वा घरटी काढणे गुन्हा आहे.

सड्यावर काळजी अधिक घ्यावी लागते, कारण टिटवी उघड्या कातळावर, चार खड्यांच्या आडोशाला अंडी घालते आणि ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. उन्हाच्या तापात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते व अंड्यांना गारवा देते. कोणी जवळ आले की ओरडत डोक्यावरून झेपावते, कधी पंख मोडल्याचे सोंग करून लंगडत दुसरीकडे नेते. ती असे करू लागली की घरटे शोधू नये. ज्या वाटेने आलो त्याच वाटेने, पायाखाली पाहत मागे फिरावे आणि ती पुन्हा अंड्यांवर बसेपर्यंत लांब थांबावे.