व्हिएतनाममध्ये शाकाहारी उपाशी राहत नाही

नाशिकमधून कुणी व्हिएतनामला निघालं की नातेवाईक हमखास सांगतात, "तिकडे सगळ्यात मासे असतात, दशम्या आणि चिवडा भरून न्या." हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी लोक तिथलं उत्तम जेवण चाखतच नाहीत.

समजाला आधार आहे, तो एवढाच: साध्या हॉटेलात माशाचा सॉस, म्हणजे नुओक माम, सर्रास वापरतात आणि फो या नूडल सूपचं पाणी हाडं उकळून काढतात. त्यामुळे तिथे "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. वरचे तुकडे काढतील, पाणी तेच राहील.

पण त्याच देशात महायान बौद्ध परंपरेची शाकाहारी खानावळ असते. पाटीवर रोमन लिपीत सी-एच-ए-वाय, म्हणजे 'चाय', लिहिलेलं शोधा; हा चहा नव्हे, त्याचा अर्थ 'शाकाहारी'. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध कुटुंबं मांसाहार टाळतात, जशी आपल्याकडे एकादशी पाळतात. त्या दिवशी या खानावळी गजबजतात. इथे फोचं पाणी मशरूम आणि भाज्यांचं, माशाच्या सॉसऐवजी सोया सॉस. टोफू, लेमनग्रास, ताजा पुदिना, तांदळाच्या पापडीतले रोल... चव अजिबात कमी नाही! काही ठिकाणी कांदा-लसूणही वर्ज्य असतो, हे आपल्या जैन मंडळींना जरूर सांगा.

ताटात 'चिकन' दिसलं तर दचकू नका, ते बहुधा सोयाचं किंवा गव्हाच्या प्रथिनाचं असतं. पूर्ण व्हीगन असाल तर अंडं आणि कॉफीतलं कंडेन्स्ड मिल्क तेवढं विचारून घ्या.